गोलकीपरांचा मास्तर

हिंगणघाटच्या गिरणीत मला नोकरी लागली ती गोल अडवतो म्हणून. त्या काळी गिरणीची स्वतःची फुटबॉल टीम होती. खेळाडूंना हलकं काम देऊन दुपारी तीनला ग्राउंडवर सोडत. सत्तरच्या दशकातली आठ वर्षं मी त्या टीमचा गोलकीपर होतो. मग वर्ध्याच्या एका सामन्यात उजवा खांदा खांबावर आदळून निखळला. डॉक्टरांनी तो बसवला आणि बजावलं, की पुन्हा झेप घेतलीस तर हात वर जाणार नाही. मी बत्तीस वर्षांचा होतो. कापड तपासायच्या टेबलावर माझी पूर्ण दिवसाची पाळी लागली.

दोन महिन्यांनी टीमचं बघणाऱ्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "कोच आहेच आपल्याकडं. तू तीननंतर फक्त गोलकीपर तयार कर."

घरी सांगितलं तर बायको हसायला लागली. "अकरातल्या एकालेच शिकवाचं? बाकीच्या दहांनी काय केलं?"

तेव्हा अशा कामाला नाव नव्हतं. गिरणीत गोलकीपरला 'गोली' म्हणत, म्हणून लोक मला गमतीनं 'गोलीचा मास्तर' म्हणायचे.

माझ्या जागी आलेला गोलकीपर हिंगणीचा होता, बोर धरणाकडचा. घरी गवळाऊ गाई, अंगानं काटक, बोलायला कमी. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "भाऊ, बॉल कुठं येनार हे तुमाले आधी कसं समजे?"

आठ वर्षं मी बॉलवर झेपावत होतो; कोणत्या बाजूला जायचं हे कशावरून ठरायचं, ते मला स्वतःला माहीत नव्हतं. "सरावानं येते," असं काहीतरी बोललो. त्यानं मान डोलावली. मला मात्र फार ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी जाळीच्या मागं बसून त्याच्याकडं बघायला लागलो. पेनल्टीला तो खांबासारखा उभा राहायचा. मारणारा धावत बॉलपर्यंत आला तरी हलायचा नाही. आमचा कोच ओरडायचा, "झोपला का रे?" शेवटी तो पडायचा, पण उशिरा, आणि बॉल हातभर लांबून आत जायचा. चार-पाच दिवसांनी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो उशिरा पडत होता, पण जवळजवळ दरवेळी बरोबर बाजूला. आधीच अंदाजानं उडी मारणाऱ्या बाकीच्यांचं तसं नव्हतं.

"तू पायतं काय रे नेमकं?" मी विचारलं.

"काई नाई पायत, भाऊ. उभा रायतो."

यालाही माहीत नव्हतं तर. मग मला चैन पडेना. तपासणीत बाद झालेलं एक लांबरुंद कापड मी साहेबांकडून मागून घेतलं. बॉलपासून हातभर मागं दोन बांबू रोवले आणि कापड असं बांधलं, की मारणाऱ्याचे फक्त गुडघ्याखालचे पाय दिसावेत. मारणाऱ्याला कापडामागूनच, दोन पावलांत मारायला सांगितलं. ग्राउंडवर सगळे गोळा झाले. कोणी म्हणालं, नाटक आहे का आज? हिंगणीवाला शांतपणे उभा राहिला आणि पुन्हा बरोबर बाजूला पडत गेला. मग मी कापड खाली ओढून सैल बांधलं, म्हणजे मारताना पाय ते ढकलून बॉलपर्यंत पोचेल. आता वरचं अंग दिसत होतं, पाय झाकले होते. तो एकदम आंधळ्यासारखा झाला. तीन वेळा उलट्या बाजूला गेला, चौथ्यांदा जागचा हललाच नाही.

तो स्वतःच चकित होऊन माझ्याकडं आला. "म्हंजे मी पाय पायतो?"

"कोनता पाय?"

त्यानं स्वतःचा पाय जमिनीवर रोवून पाहिला. मग म्हणाला, "मारते तो नाई. दुसरा. जमिनीवरचा. त्याचा चवडा जिकडं वळते, बॉल तिकडंच जाते." आणि एकाएकी हसला. "गाईसारखं हाये, भाऊ. आईले विचारा."

मी खरंच गेलो. रविवारी बस बदलत हिंगणीला पोचलो तेव्हा संध्याकाळच्या धारा चालू होत्या. त्याची आई एका नाठाळ गाईखाली बसली होती. मी कुडाला टेकून बघत राहिलो. अचानक तिनं बादली बाजूला ओढली, आणि लगेच गाईची लाथ रिकाम्या जागेतून गेली.

"काकू, तुमाले कसं समजलं?"

"पाय पाय ना बापू," गाईच्या पायाकडं बोट करून ती म्हणाली. "एक पाय रोवला, भार घेतला, का दुसरा उठलाच. उठनाऱ्याकडं पायत बसलं तं लाथच खाशीन." मग मुलाला म्हणाली, "हे पायाले वर्ध्याच्या पलीकडून आले हे? अन् चहा काऊन नाई ठेवला अजून?"

त्याला बाजू कळत होती. पोचणं जमत नव्हतं. ते मात्र मला शिकवता येण्यासारखं होतं. पडायच्या आधी एक छोटं पाऊल बाजूला टाकायचं, एवढ्या एका गोष्टीवर आम्ही अख्खा हिवाळा घालवला. मला उडी मारून दाखवता येत नव्हती, म्हणून मी चुन्यानं रेघा आखायचो आणि त्याचं पाऊल कुठं पडतं ते बघायचो.

उन्हाळ्याच्या तोंडावर नागपूरच्या स्पर्धेत आम्ही पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचलो. त्या सामन्यात आमच्यावर दोन पेनल्टी आल्या. पहिली त्यानं अशी अडवली, की समोरच्या टीमचे लोकही उठून उभे राहिले. दुसरी मारायला त्यांचा बुजुर्ग फॉरवर्ड आला. त्यानं पायाचा चवडा डावीकडं रोवला, हिंगणीवाला तिकडं पडला आणि बॉल उजवीकडून आत गेला. आम्ही एका गोलनं हरलो.

हरल्याचं वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. आम्ही दोघं तडक त्या फॉरवर्डकडं गेलो. "ये कैसे किया?" तो आधी बिचकला, मग खूश झाला. "सब गोली पैर पढ़ लेते थे, तो मैंने घुटना मोड़ना सीखा." रिकाम्या ग्राउंडवर त्यानं सात-आठ वेळा करून दाखवलं. पाय एकीकडं, पण शेवटच्या क्षणी गुडघा आत वळायचा. हिंगणीवाला उकिडवा बसून त्याच्या गुडघ्याकडं टक लावून बघत होता आणि मी त्याच्या शेजारी.

त्यांचे मॅनेजर हे दुरून बघत होते. जवळ येऊन त्यांनी विचारलं, मी कोण. मी सांगितलं. "सिर्फ़ गोली को सिखाते हो?" ते हसले नाहीत. म्हणाले, "हमारे दो हैं. देखोगे?"

ऐंशीच्या दशकात पुढचे सहा हंगाम मी त्या नागपूरच्या टीमकडं गेलो, गिरणीतून रजा काढून. पगारावर फक्त गोलकीपर शिकवणारा माणूस त्या ग्राउंडवर तोवर कोणी पाहिला नव्हता. हिंगणीवाला आमच्या टीमचा पहिला गोलकीपर राहिला. त्या फॉरवर्डची पेनल्टी त्यानं पुढच्याच वर्षी अडवली आणि त्याला जाऊन मिठी मारली.

नागपूरला पहिल्या सकाळी दोघं गोलकीपर माझ्यापुढं उभे राहिले, एक सहा फुटी, एक माझ्याहून बुटका. मी विचारलं, बॉल कुठं येणार ते कशावरून कळतं? सहा फुटी म्हणाला, "कंधे से." बुटक्यानं आधी सहा फुटीकडं पाहिलं. मग चाचरत म्हणाला, "किक की आवाज से, सर."

आवाजाचं मी कधी ऐकलंच नव्हतं. मी गवतात मांडी घातली आणि त्याला म्हणालो, "बैठो. पूरा बताओ."