सगुणाने सांगितलेला रस्ता

भांडुपच्या मासळी बाजारात सगुणाचा आवाज कोणाला माहीत नाही? पाटीमागे बसून तिने एकदा 'ए ताई, बोंबील बघ, आत्ता आलेत' अशी हाळी दिली की रस्त्यापलीकडच्या बँकेचा शिपाईसुद्धा मान वर करायचा. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की त्याचा नीट उद्धार करायची, आणि मग त्याच्याच पिशवीत चार मांदेल्या जास्त टाकायची. अशी बाई! पण गेले चार महिने ती बाजारात गप्प असते. पाटी मांडते, मासळीवर पाणी मारते, विचारलं तर भाव सांगते, बस. बाजूच्या बायका आधी थट्टा करायच्या, आता त्याही करत नाहीत. आपल्या तोंडाने आपण नवऱ्याचे डोळे घालवले, असं तिने मनाशी धरलंय. ते तिच्या मनातून काढणं अजून कोणाला जमलेलं नाही.

तिचा नवरा अनंता. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, बापाची होडी होती. पुढे खाडीतल्या मासळीला रॉकेलचा वास यायला लागला तशी होडी गेली आणि त्याने टेम्पो घेतला. बावीस वर्षं तोच धंदा. पहाटे तीनला दोघं निघणार, भाऊच्या धक्क्यावर लिलावात मासळी घेणार, बर्फ मारून क्रेट भरणार आणि उजाडायच्या आत परत. वाड्यातल्या आणखी सहा-सात बायकांचा मालही तोच आणायचा. अनंताचा टेम्पो आला नाही तर त्या दिवशी बाजारात पाट्या पालथ्या, हे ठरलेलंच.

आता मासळीच्या टेम्पोचं एक दुखणं असतं. क्रेटमधला बर्फ वितळतो, ते खारट पाणी फळ्यांतून खाली गळतं, हळूहळू वायरींच्या सांध्यात शिरतं, तांब्याला हिरवा गंज धरतो आणि दिवे नखरे करायला लागतात. पेटतात, विझतात, मंद होतात. बॉनेटवर एक बुक्की मारली की परत येतात. धक्क्यावर येणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, तो आधी दिव्यांना शिवी घालेल आणि मग तुमच्याशी बोलेल. अनंताचे दिवे सहदेव बघायचा. हा मालवणचा गडी, हायवेच्या कडेला टपरी टाकून गाड्यांची वायरिंगची कामं करतो. बॉनेट उघडलं की दर वेळी म्हणायचा, "तुझो टेम्पो म्हणजे लोणच्याची बरणी आसा रे. नुसता मीठ!" मग सांधे घासायचा, नव्या वायरी ओढायचा, चार-सहा महिने निघायचे.

त्यामुळे मागच्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर बोटी परत सुरू झाल्या आणि अनंता म्हणाला, "दिवे बसायला लागलेत गो," तेव्हा सगुणाला त्यात काहीच नवल वाटलं नाही. समोरून एखादा ट्रक झगझगीत लाइट मारत गेला की आपले दिवे एकदम बसतात, मग थोड्या वेळाने येतात, असं त्याचं म्हणणं. सहदेवने सांधे घासले. पंधरा दिवसांनी तीच तक्रार. त्याने बल्ब बदलले. दसऱ्याला रिले बदलला. तरी अनंताचं आपलं तेच, "यार सहदेव, समोर काळोख होतो रे."

आणि इथेच सगुणाने तोंड उघडलं.

एकदा विक्रोळीच्या पुढे ती बाजूला बसल्या बसल्या ओरडली, "खड्डा! डाव्या अंगाला खड्डा!" अनंताने गाडी अलगद उजवीकडे घेतली. "बरं झालं सांगितलंस," म्हणाला. झालं, दुसऱ्या दिवसापासून तिने ते कामच लावून घेतलं. घरी अवो-तुमी करणारी बाई टेम्पोत बसली की सरळ हुकूम सोडायची. "दाब, दाब ब्रेक. रिक्षा आहे, बिनलाइटची. आता मोकळा हाय, जाऊ दे. पुलाखाली पोलिसांचे लोखंडी अडथळे, उजवीकडून घे." तिला मजाच यायला लागली. रस्ता तिला बाजारासारखा तोंडपाठ झाला. कुठल्या वळणावर कुत्री झोपतात, कुठे रात्रीचं काम चालतं, सगळं ती आधीच सांगायची, आणि अनंता तिच्या शब्दावर चाक फिरवायचा. दोघांच्या संसारात कधी झालं नसेल तेवढं बोलणं त्या काही महिन्यांत झालं. लेक विनिता घाटकोपरला एका ऑफिसात कामाला, ती हसून म्हणायची, "आई, तू आता लायसनच काढ." सगुणाला आतून बरं वाटायचं. आपलाही टेम्पोला हातभार लागतोय असं वाटायचं.

तिला स्वतःला रस्ता नीट दिसत होता, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं का? आलं होतं. पण तिने त्याचीही सोय लावली. आपल्या बाजूचा डावा दिवा चांगला असेल, त्यांच्या बाजूचा उजवा बसत असेल, असं तिने धरलं. मासळीच्या टेम्पोत असं होतंच. घरात अनंता दोनदा पाण्याच्या हंड्याला अडखळला, एकदा दरवाज्याची चौकट कपाळाला लागली. तेव्हा सगुणा त्याच्यावरच खेकसली, "लक्ष कुठं असतं तुमचं? रात्रीची झोप नाय, दुसरं काय!" आता हे आठवलं की ती पदर तोंडात कोंबून रडते.

मग शिमगा आला. कोळीवाड्यात होळीची रात्र म्हणजे काय ते सांगायला नको. सगुणा पहाटेपर्यंत नाचली, गाणी म्हटली, नव्या सुनांना शिव्यांची गाणी शिकवली. दोन दिवसांनी धक्क्यावर जायची वेळ आली तर घशातून हवा सोडून काही निघेना. हळदीचं दूध झालं, गुळण्या झाल्या, आवाज बसला तो बसलाच. अनंता म्हणाला, "चल गो, आज तरी माझं डोकं शांत राहील." ती हसली आणि टेम्पोत चढून बसली.

कांजूरमार्ग येईपर्यंत रस्ता रिकामा होता, काही झालं नाही. पुढे समोरच्या बाजूने एक बस पूर्ण लाइट मारत गेली, आणि ती गेली तर पुढे आपल्याच लेनमध्ये एक बंद पडलेला डंपर उभा. मागे झाडाची फांदी लावलेली, लाल कापड बांधलेलं. सगुणाला तो लांबूनच दिसला. अनंताला दिसला असेलच म्हणून ती थांबली. अनंताचा पाय काही हलेना. टेम्पो तसाच सरळ चाललेला. तिने ओरडायला तोंड उघडलं, नुसता वारा निघाला. तेव्हा तिने दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून आपल्याकडे ओढलं. टेम्पो डंपरच्या कोपऱ्यापासून बोटभर अंतराने निसटून कडेच्या मातीत गेला आणि बंद पडला. मागे रिकामे क्रेट एकमेकांवर आदळले.

अनंता खाली उतरला. "गेले! बघ, गेले मेले दिवे ऐन वेळी! सांगून सांगून थकलो त्या सहदेवला." बाजूला उभं राहून त्याने सवयीने बॉनेटवर बुक्की मारली.

सगुणाही उतरून पुढे आली होती. दोन्ही दिवे जळत होते. तिच्या पातळावरची हिरवी फुलं एकेक दिसत होती, पायातल्या चपलेचा तुटलेला अंगठा दिसत होता, समोरच्या भिंतीवरची क्लासची जाहिरात फोन नंबरासकट वाचता येत होती. तिने मागे फिरून त्या उजेडाकडे पाहिलं तर डोळे दिपले. डावा आणि उजवा, दोन्ही सारखेच.

अनंताने आणखी एक बुक्की मारली. रस्त्याकडे बघत थोडा थांबला. "हां, आले बघ आता," तो म्हणाला. "बुक्कीशिवाय ऐकतच नाय."

दिवे विझलेच नव्हते. एकदा लुकलुकलेही नव्हते. सगुणा त्याच्या समोर उभी राहून बघत होती. ती तिथेच मातीत बसली. त्याला वाटलं, ही घाबरली. तो जवळ आला, पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "काय झालं नाय गो, वाचलो ना आपण." ती काही सांगूही शकली नाही, आवाजच नव्हता. त्या पहाटे टेम्पो धक्क्यावर गेला नाही. उजाडेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.

सकाळी ती एकटी सहदेवच्या टपरीवर गेली आणि कुजबुजत सगळं सांगितलं. सहदेवच्या हातातला पाना तसाच राहिला. "वहिनी, दिवाळीपासून माका काय फॉल्ट गावलोच नाय," तो म्हणाला. "पण अनंता बोलता म्हणजे असतलोच, म्हणून मी आपलो बदलत रवलंय." आणि तो रडायलाच लागला. एवढा मोठा बाप्या, तिथे गिऱ्हाइकांसमोर.

दुसऱ्याच दिवशी विनिताने रजा टाकली आणि अनंताला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवली, ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. अनंता कितीतरी वेळ बटण दाबतच नव्हता. सगुणा काचेतून बघत होती. दाबा हो, दाबा, असं ती मनात म्हणत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायला मऊ. काचबिंदू, म्हणाली. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने दिसणं कमी होत जातं, म्हणून माणसाला कळत नाही. रात्री आधी जाणवतं. उजवा डोळा जवळजवळ गेलाय, डाव्याचं मधलं थोडं उरलंय. उरलंय ते औषधाने टिकवायचं. गेलं ते परत येत नाही.

"पण काका, तुम्ही तर ड्रायव्हर," ती म्हणाली. "रात्री गाडी चालवताना कुठे धडक, कुठे ओरखडा, असं काही झालं नाही? त्यावरूनच पुष्कळदा कळतं."

अनंताची छाती फुगली. "एक ओरखडा नाय म्याडम. ही बाजूला बसायची ना, सगळा रस्ता सांगायची. पाच महिने."

डॉक्टरीणबाईने सगुणाकडे पाहिलं आणि लगेच नजर कागदावर नेली. "तेव्हाच आला असतात तर," एवढंच बोलली. पण सगुणा काही खुळी नाही.

टेम्पो विकला. विनिता सगळं करते, थेंबांच्या वेळा सांभाळते, आईला समजावते. तुला काय माहीत होतं, तू का डॉक्टर आहेस, असं सगळे सांगून थकले. सगुणा हो म्हणते. पण कोणी भेटायला आलं की अनंता खाटेवर ताठ बसतो आणि तीच गोष्ट सांगायला घेतो. पाच महिने बायकोच्या शब्दावर टेम्पो चालवला, धक्का ते भांडुप, एक ओरखडा नाय! कुठल्या वळणावर ती काय म्हणायची तेसुद्धा सांगतो. पाहुणे वाहवा करतात. सगुणा आत चहा टाकते आणि तिथेच उभी राहते. ही गोष्ट सांगू नका, असं त्याला म्हणावं तर का ते सांगावं लागेल.

परवा शेवटी तिच्याने राहवलं नाही. पाहुणे गेल्यावर ती त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "माझ्यामुळं गेले तुमचे डोळे. मी गप बसले असते तर..."

"येडी की काय?" अनंता चाचपत तिचा हात शोधत म्हणाला. तो कधी नव्हे इतका मायेने बोलत होता. "तू नसतीस तर पयल्याच महिन्यात ठोकली असती मी कुठंतरी."

पहिल्याच महिन्यात. बंपर वाकला असता, दिवा फुटला असता, फार तर हात मोडला असता. दवाखान्यात नेला असता आणि कोणीतरी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं असतं. तो तिचा हात थोपटत राहिला आणि सगुणाने तो सोडवून घेतला नाही.