टाळी कधी वाजवायची

आलेपाकाचा वास आला की अजून माझी मान खाली जाते. कोथरूडच्या एका गार सभागृहात इटालियन ऑपेराचा कार्यक्रम होता. नाटकाला नेते तशीच आईने आलेपाकाची डबी बरोबर घेतली होती. सुरुवातीला निवेदक सांगत होते की, पूर्वी तिकडचे प्रेक्षक गाणं आवडलं की ओरडून ओरडून तेच पुन्हा म्हणायला लावायचे. "म्हणजे आपल्यासारखेच की गं!" आई केवढी खूश झाली. मग गायिकेने एक सूर असा काही वर नेला, की भर गाण्यात आईच्या तोंडून "वाऽ!" निघून गेलं. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी तिचा दंड दाबला. "आई, हे काय आपलं नाटक आहे का? गप्प बस ना!" तिने डबीचं झाकणसुद्धा आवाज न करता लावलं. गाणं संपलं, सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आई हात मांडीवर ठेवून बसली होती. हळूच म्हणाली, "आता वाजवू का?" परवा घरी माझ्या मुलीने गाणं म्हटलं. ते संपल्यावर आईने आधी माझ्याकडे पाहिलं.