ताईच्या सोबतीला

त्या जूनमध्ये वहिनीनं चोपड्याच्या कॉलेजात नाव घातलं. त्याच दिवशी मीही घातलं. सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो आणि संध्याकाळी परत आलो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. बारावी होऊन लग्न झालं आणि पुढची दहा वर्षं ती आमच्या केळीच्या मळ्यात आणि स्वयंपाकघरात होती. तिला इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मला कॉलेजात पाठवायचं नाही म्हणून आबा, माझे वडील, अडून बसले होते. तेव्हा ती भाकरी थापता थापता आमच्या अहिराणीत म्हणाली, "आबा, ताई एकली कशी जाई? मी संगे जासू."

"अन् तठे तू काय करशी? सारा दिन बसी ऱ्हाशी?"

"तठे बसनंच शे, ते वर्गमा बससू."

आबा मोठ्यानं हसले. हसलेल्या माणसाला मग नाही म्हणता येईना. आपली दोन्ही मुलं माझ्या आईकडे सोपवून वहिनी निघाली. गावाला वाटलं, सून लेकीच्या राखणीला जाते. खरं म्हणजे तिनंच मला वाट काढून दिली होती आणि त्याच वाटेनं स्वतःही चालू लागली होती.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली आणि सगळी मुलं उठून उभी राहिली. नऊवारी नाही तरी काठापदराची साडी, कपाळावर मोठं कुंकू. त्यांना वाटलं, नव्या मॅडम. वहिनी जराही गांगरली नाही. "बसा रे," म्हणाली, "मॅडम व्हायला अजून वेळ आहे." आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. मी मात्र खाली मान घालून शेवटचा बाक गाठला.

तिची अभ्यासाची रीत मी पुढं कुठंच पाहिली नाही. आम्ही बाकीचे इंग्रजी धड्याचं पुस्तकी मराठी करून पाठ करायचो. ती एसटीत एक पान वाचायची, पुस्तक मिटायची आणि तो धडा आमच्या गल्लीत घडल्यासारखा अहिराणीत मला सांगायची. एका धड्यातल्या लंडनच्या साहेबाची छत्री हरवते. वहिनीनं सुरू केलं, "एक आबा व्हतात. त्यासनी छत्री दवडाई गयी..." तिकिटं फाडणारा कंडक्टर तिथंच थांबला.

"मंग? सापडनी का?"

"पुढलं पान वाचानं बाकी शे, भाऊ."

दुसऱ्या दिवशी तिकीट द्यायच्या आधी त्यानं छत्रीचं विचारलं.

वर्गात सरांनी तोच धडा इंग्रजीत सांगायला लावला तेव्हा ती अडली. मग म्हणाली, "सर, आधी घरच्या बोलीत सांगू का?" मुलं फिदीफिदी हसली. सर पुण्याचे, त्यांना अहिराणीतलं अर्धंमुर्धंच कळलं असेल, पण "सांगा" म्हणाले. ती सांगत गेली तसं हसणं थांबलं. मग तेच तिनं इंग्रजीत सांगितलं; हळू, मोडकं, पण तिचं स्वतःचं. "आपल्या बोलीत सांगता आलं की कळलं समजायचं," ती मला नेहमी म्हणे. "नाहीतर नुसतं तोंड चालतं."

बी.ए. झाल्यावर बी.एड.लाही आम्ही दोघी जळगावला एकत्रच होतो. परीक्षेत शाळेतल्या मुलांना एक पाठ शिकवून दाखवायचा; त्याचा नियम कडक: इंग्रजीच्या तासाला इंग्रजीशिवाय शब्द काढायचा नाही. परीक्षक मागे बसलेले, त्यांच्या शेजारी मी. वहिनीचा पाठ छान रंगला होता. शेवटची काही वाक्यं उरली होती. मागच्या बाकावरची एक मुलगी फळ्याकडे नुसती बघत होती. वहिनीनं खडू खाली ठेवला, तिच्याजवळ गेली आणि अहिराणीत बोलू लागली. परीक्षकांचं पेन चाललं. ती मुलगी हसली, आणि मग वहिनीनं विचारलेल्या प्रश्नाला तिनं इंग्रजीत उत्तर दिलं. शेवटची वाक्यं तशीच राहिली.

बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. "वहिनी, नोकरी या मार्कांवर मिळते. सगळं यासाठीच केलं ना?"

"यासाठीच केलं," ती म्हणाली. "ती पोरगी तशीच घरी गेली असती तर मी कसली मास्तरीण?"

ती जेमतेम पास झाली. धुळ्याच्या मोठ्या शाळेत आम्ही दोघींनी अर्ज केले; त्यांनी मला घेतलं. तिला सातपुड्याच्या पायथ्याशी एक शाळा मिळाली, छपराला पत्रे, वर्गांना दारं नाहीत. ती तिथंच राहिली. मी धुळ्यात नियमानं शिकवत होते, माझे निकालही चांगले लागत. पण रजा काढून तिच्या शाळेत गेले की, इंग्रजीच्या तासाला मुलं उत्तरांवरून आपसात भांडताना, मास्तरणीला प्रश्न विचारताना पाहायचे. माझ्या वर्गात मला कोणी कधी प्रश्न विचारला नव्हता.

ती नोकरीत असतानाच तापानं गेली. दिवसकार्य झाल्यावर मी तिचं सामान आणायला शाळेत गेले. आठवीतल्या मुली माझ्याभोवती जमल्या. एकीनं विचारलं, "तुम्ही मॅडमच्या नणंद का? मॅडम सांगायच्या, ताईच्या सोबतीनं मी कॉलेजात गेले, नाहीतर माझी हिंमत नव्हती."

धुळ्याची नोकरी मी त्याच वर्षी सोडली. त्या शाळेत आठवीचा इंग्रजीचा तास आता मी घेते.