कोपराच्या उंचीची माती

कल्पना करा, घरामागे चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा आहे आणि तुम्हाला तिथं कांदे, मुळे, थोडा पालक लावायचा आहे. दोन वाटा आहेत. कुदळ घ्या, जमीन खणा, ढेकळं फोडा, खडे वेचा, माती भुसभुशीत करा आणि फतकल मारून बी पेरा. नाहीतर फळ्यांची पेटी ठोका, जमिनीवर ठेवा, तयार माती भरा आणि उभ्याउभ्या पेरा. असल्या उंच वाफ्याला गादीवाफा म्हणतात. नुसतं गादी म्हटलं तरी कळतं. पहिल्या वाटेनं कंबर जाते, दुसरीनं वाचते. आता सांगा, यात चिडण्यासारखं काय आहे?

ते कडकबाईंना विचारा.

कडकबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत त्या इस्त्री करायच्या. चादरी, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनचे हिरवे झगे. त्यांनी इस्त्री केलेली चादर इतकी कडक की पेशंट तिच्यावरून घसरतो, असं वॉर्डबॉय म्हणायचे. नाव तिथं पडलं, स्वभावानं ते टिकवलं. वाफेत आणि उकाड्यात उभं राहून त्यांची सगळी नोकरी झाली.

घरामागची जागा त्यांना मिळाली तेव्हा ती जागा नव्हतीच, राडारोडा होता. विटांचे तुकडे, वाळलेल्या सिमेंटचे गोळे, गंजक्या तारा. ते सगळं त्यांनी स्वतः उपसलं. दर हंगामाला जमीन खणायची, माती पालटायची, उन्हात तापू द्यायची, हा त्यांचा नेम. मुलगा लिफ्टच्या कारखान्यात आराखडे काढायचा. तो कितीतरी वेळा म्हणाला होता, "आई, खणणं सोड. गादीवाफे करून देतो." त्यावर उत्तर ठरलेलं: "तुझ्या लिफ्टा तुझ्याकडे ठेव."

मग मणक्याची चकती सरकली. ऑपरेशन झालं आणि विश्रांतीसाठी कडकबाई लेकीकडे राहिल्या. परत यायची वेळ आली तेव्हा त्यांनी मुलाला फोन केला.

"माझी गादी जरा उंच करून ठेव बाबा. आता खाली वाकून जमायचं नाही."

"खरंच करू?"

"मग काय थट्टा करतेय? आणि चांगली भरून घे. पोचट नको."

मुलाला आकाश ठेंगणं झालं. त्यानं रजा टाकली.

कडकबाई पट्टा बांधून घरी आल्या, चहा न घेता थेट मागच्या दारात गेल्या आणि तिथंच थांबल्या. जमीन जवळजवळ दिसतच नव्हती. तिच्यावर लाकडाच्या तीन लांबलचक पेट्या उभ्या होत्या, काठोकाठ भरलेल्या.

"हे काय आहे?"

"गादी! तूच म्हणालीस ना, उंच करून ठेव म्हणून."

"झोपायची गादी म्हणाले मी, गाढवा!"

सुनेला हसू आवरेना. "तरी म्हटलं, आई इतक्या सरळ कशा कबूल झाल्या! आणि खोलीतली गादी आहे तशीच चपटी."

दुसऱ्या कुणाच्या घरी हे हसण्यावारी गेलं असतं. कडकबाई खोलीत जाऊन त्या चपट्या गादीवर पडल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी त्या चुका काढायला बाहेर आल्या. फळ्यांवरून हात फिरवला, कुसळ नाही. कोपरे तपासले, काटकोनात. हात मातीत घातला, तो मनगटापर्यंत आत गेला.

"खाली प्लॅस्टिक घातलं असशील."

"पुठ्ठा घातलाय. तो कुजेल आणि मुळं खाली तुझ्या मातीत जातील," मुलगा दारातून म्हणाला. "आणि खरं सांगू? दर हंगामाला तू जमीन पालटायचीस ना, त्यात गांडुळांची घरं मोडतात. आता ती निवांत राहतील."

तो बरोबर बोलत होता, हे त्यांना कळत होतं. राग काढायला पोरानं एक चूक ठेवली नव्हती, आणि त्यामुळेच अंगाचा तिळपापड होत होता.

"उंची कुठून काढलीस?"

या प्रश्नाची कालपासून वाट पाहत असल्यासारखा तो खुलला. "तुझं इस्त्रीचं टेबल मोजलं. कोपराच्या जरा खाली. उभ्यानं काम करायचं तर हीच उंची लागते."

कडकबाईंनी हात मातीतून काढला.

"उभ्यानं," त्या म्हणाल्या. "जन्मभर त्या उंचीला उभी राहिले. पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत. बसलेली दिसले की सुपरवायझरीण विचारायची, काय बाई, पाहुण्या आलात का? घरी येऊन मी या मातीत बसायचे. बसायचे रे! मुळे काय बाजारात मिळत नव्हते? आणि तू तेच टेबल इथं आणून मांडलंस!"

"मग कधी सांगायचंस ना!"

"तू कधी विचारलंस?"

"आई, तुला खाली बसायचंच नाहीये. डॉक्टरीणबाई माझ्यासमोर म्हणाल्या."

"तुझ्यासमोरच म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं तरी का? एक पेटी काढ."

"ओल्या मातीनं भरलीय ती! हलते तरी का? सगळी रजा घातली मी यात," असं म्हणत त्यानं डबा उचलला आणि दार आपटून तो कामावर गेला.

कडकबाईंनी कपाटातून स्क्रूड्रायव्हर काढला. खालच्या फळीपर्यंत वाकणं शक्य नव्हतं. वरच्या फळीचे स्क्रू मात्र हाताशी होते. उंची खरंच नेमकी होती. फळी सुटली तशी माती घसरली आणि पेटीच्या काठापासून जमिनीपर्यंत तिचा उतार झाला. त्यांनी पाठ ताठ ठेवली, दोन्ही हातांनी पेटीची कड धरली आणि त्या उतारावर हळूहळू टेकल्या. पाय लांब केले. टाचांना जुनी जमीन लागली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सून ओरडली, "आई! उठा आधी!"

"आधी बसू तर दे!"

संध्याकाळी मुलानं ते पाहिलं. भिंतीला टेकवलेली फळी, मातीवरचा दबलेला खळगा.

"उठलीस कशी?"

"कड धरून."

"आणि कड सुटली असती तर?"

"तर तू येईपर्यंत बसले असते."

"मी ती फळी परत लावणार आहे."

"हात तर लावून बघ."

मग दोघांनी बोलणं टाकलं. निरोप सुनेमार्फत जाऊ लागले. "त्याला सांग, उरलेल्या दोन पेट्यांत काय लावायचं ते लाव." "आईला सांग, पट्टा बांधल्याशिवाय मागे जायचं नाही." सून शेवटी वैतागून म्हणाली, "मला पोस्टात घ्या, निदान सायकल तरी मिळेल." उतारावर कडकबाईंनी मुळे पेरले. बसून.

पुढच्या तपासणीला मुलगाच घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली आणि मुलाकडे पाहून म्हणाल्या, "छान. पण यांना खाली बसू देऊ नका."

कडकबाईंनी टेबलावर बोटं आपटली.

"इकडे बघा. पाठ माझी आहे. मनाई बसायला आहे, की उठायला?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, जपा."

"ते उत्तर नव्हे."

बाहेरचा पुढचा पेशंट आत डोकावत होता. मुलानं खांद्याला हात लावला, त्यांनी तो झटकला. तेव्हापासून त्या भेटेल त्याला विचारतात. व्यायाम शिकवणाऱ्याला विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं. सगळे जपायला सांगतात. बसल्यानं नेमकं काय मोडतं? आणि उठताना मोडत असेल, तर ज्या बाईला उठायची घाईच नाही, तिनं का बसू नये?