भोपाळचं पाणी

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावरच्या पातेल्यात गुलाबी पाणी आणि त्यात बुडालेली द्राक्षं. भाच्याची सून घड्याळाकडे बघत उभी होती. द्राक्षं नेमकी पंधरा मिनिटं त्या पाण्यात राहायला हवीत, असं तिला तिच्या मोबाइलने सांगितलं होतं. "लाल दवा आहे आजी, किटाणू सगळे मरून जातात. सेफ रहना चाहिए ना," ती म्हणाली. सिटी सेंटरमधल्या या वसाहतीत सगळेच आरोग्याच्या मागे हात धुऊन लागलेले आहेत. मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत बागेला दहा चकरा मारायच्या आणि दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जायचं. घरात द्राक्षांना आंघोळ घालायची आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गाडीसमोर उभं राहून चाट हाणायची. मी या मंडळींना मनातल्या मनात हसते. पण ते गुलाबी पाणी पाहून मला हसता आलं नाही. त्या रंगाचं पाणी मी एकदा आमच्या विहिरीत पडू दिलं नव्हतं, आणि ते माझ्या धाकट्या बहिणीला भोवलं. तीही याच घरात राहते, पलीकडच्या खोलीत.

आम्ही तेव्हा याच शहरातल्या माधवगंजात राहत होतो. चार मराठी घरांत मिळून एक विहीर होती. आमच्या घरातले आरोग्याचे नियम आजच्या कुठल्याही डॉक्टरने मान डोलवावी असे होते. बाहेरून आलं की हातपाय धुवायचे, शौचाहून आल्यावर राखेने तीनदा हात घासायचे, नखं रविवारी कापायची, बाजारचं काही तोंडात घालायचं नाही, भांड्याला तोंड लावून पाणी प्यायचं नाही. यातला एकेक नियम सोन्यासारखा होता, आणि आम्ही त्या सगळ्यांची माती केली. कारण हे नियम आम्ही तब्येतीसाठी पाळतो असं आम्हाला कधी वाटलंच नाही. ते पाळतो म्हणून आम्ही इतरांहून वरचढ आहोत, एवढंच वाटे. आमचे पूर्वज दक्खनेतून दरबाराच्या चाकरीत आले. दरबार गेला, संस्थान गेलं, तरी नाक होतं तिथेच राहिलं. ताप, हगवण, कावीळ ही गल्लीपलीकडच्या लोकांची दुखणी. आजार येताना दारावरचं आडनाव वाचून येतो, अशी आमची समजूत होती. दारात नळ आला होता, पण नळाला काय, कोणीही तोंड लावतं, म्हणून त्याचं पाणी फक्त धुण्याला. प्यायला विहीरच. उकळणं वगैरे तर नाहीच. पाणी उकळणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, आणि आमच्या विहिरीवर संशय घ्यायची कोणाची टाप नव्हती.

मग आमचं मध्य भारत राज्य मोडून मध्य प्रदेश झाला आणि राजधानी आमच्या शहरातून भोपाळला गेली. बाबा सचिवालयात कारकून होते. फायलींबरोबर तेही गेले. आम्ही मागे राहिलो. त्या बदलीने बाबा मनातून उन्मळून पडले होते. पण उन्मळलेल्या माणसाने रडावं, एखाद्या मित्राकडे मन मोकळं करावं. बाबांनी भोपाळचा तिरस्कार करायला घेतला. तिथली भाषा, तिथले तलाव, तिथल्या कचेरीत समोर बसणारा दुसऱ्या प्रांतातला कारकून, सगळ्याला नावं ठेवून झाली आणि तिरस्कार येऊन थांबला तो पाण्यावर. "तिथलं पाणी मला सूट नाही करत," ते म्हणत. दर पंधरा दिवसांनी ते घरी येत आणि परत जाताना फिरकीच्या झाकणाचे दोन मोठे तांबे आमच्या विहिरीच्या पाण्याने भरून, फडक्यात बांधून नेत. राजधानी राज्याची, पाणी मात्र माधवगंजचं. आल्यावर आधी अंगणात आंघोळ, कपडे बदलायचे, मगच उंबरा ओलांडायचा. भोपाळ अंगावरून धुतल्याशिवाय ते आम्हा मुलांना हात लावत नसत. पुढे त्यांचं पोट बिघडू लागलं. खोलीवर पडून राहण्याइतकं बिघडलं. तेव्हा कोणाच्याही डोक्यात यायला हवं होतं की हा माणूस भोपाळचं पाणी पीतच नाही. आमच्या घरात ते कोणाच्याच डोक्यात आलं नाही. दोनाचे चार तांबे झाले.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी आरोग्य खात्याचा माणूस गल्लीत आला. खाकी झोळी, हातात बादली, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मी विहिरीवर कळशी भरत होते. मी सोळा वर्षांची, मॅट्रिकला बसलेली, स्वतःला फार शहाणी समजणारी.

"बिटिया, कुएँ में लाल दवा डालनी है," तो म्हणाला. "मोहल्ले में बुखार चल रहा है. दो दिन पानी गुलाबी दिखेगा, फिर ठीक हो जाएगा."

मी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. त्याची जात काय असेल, हा विचार माझ्या मनात आला हे मी आज लपवत नाही. त्याच्या हातची दवा आमच्या विहिरीत पडणार, याचीच मला किळस आली.

"हमारे कुएँ में कोई बीमारी नहीं है," मी म्हटलं. "आप जाकर भोपाल में डालिए."

 सगळ्या गल्लीत त्याला थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळालं असणार. बादली उचलून तो निघून गेला. दोन दिवसांनी बाबा आले तेव्हा आईने त्यांना ही हकिगत सांगितली. बाबा किती तरी महिन्यांनी मोकळे हसले आणि शेजारच्या तिन्ही घरांत माझं उत्तर जसंच्या तसं सांगून आले. त्या कौतुकाने आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

महिन्याभरात धाकटीला ताप भरला. ती सात वर्षांची होती. त्या आधीच्या खेपेला बाबा आले तेव्हा ती धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली होती, त्यांनी आंघोळ करण्याआधीच. बाबांनी तेच धरून ठेवलं. "मीच आणलं भोपाळहून, कपड्यांवरनं आणलं," असं म्हणत ते रजा काढून घरी बसले, पण खोलीत पाऊल टाकीनात. दाराबाहेर उभे राहून तिच्याकडे बघत. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला आणि विचारलं, पाणी कुठलं पिता, उकळता का. तापाने सुकलेली पोर समोर पडलेली असताना बाबांनी मान ताठ करून सांगितलं, "उकळावं लागतं ते भोपाळला, डॉक्टरसाहेब. आमच्याकडे विहीर आहे." डॉक्टरांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि आईकडे वळून, उकळूनच द्या, असं हळू आवाजात बजावलं. आईने त्या दिवसापासून पाणी उकळलं. पण बाबांना कळू नये म्हणून ते ती चहाच्या पातेल्यात उकळायची.

तीन आठवड्यांनी ताप उतरला. आम्ही देवाला साखर ठेवली. धाकटी उठून बसली, भात मागून खाऊ लागली. एका सकाळी ती अंगणात पाठमोरी बसली होती, मी तिला हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. मला वाटलं, रुसली आहे. मी आणखी जवळ जाऊन हाक मारली, मग तिच्या मागे पितळी ताट खाली टाकलं. ती समोरच्या मुंग्यांकडे बघत राहिली. मी ते ताट उचललं नाही, तशीच तिथे बसून राहिले.

पुढच्या वैशाखात विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि गाळ काढायला माणसं उतरली. वर येऊन त्यांनी सांगितलं की पूर्वेकडची चिरेबंदी फुटली आहे आणि तिथून मागच्या नालीचं पाणी आत झिरपतं आहे; नाली चारही घरांच्या संडासांची. बाबा तेव्हा घरी होते. त्यांनी स्वतः वाकून ती ओली काळी रेघ पाहिली. मीही पाहिली. गल्लीपलीकडच्या लोकांची घाण नव्हती ती, आमचीच होती. चारही घरांनी वर्गणी काढून ती फट बुजवली आणि त्यावर कोणी एक अक्षर बोललं नाही. बाबा त्या खेपेला तांबे न भरता गेले. भोपाळला नळाचं पाणी प्यायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांचं पोट एकदाही दुखलं नाही. पण घरात, नात्यात, लग्नाकार्यात कोणी धाकटीविषयी विचारलं की ते सांगत, "राजधानी गेली आणि भोपाळच्या पाण्याने माझ्या पोरीचे कान गेले." लोक हळहळत. मी शेजारी उभी असे आणि मान हलवत असे. त्यांची मला चीड येते ती यासाठी, आणि माझी त्याहून जास्त. निदान त्यांनी पोरीला पोटाशी धरल्याची शिक्षा स्वतःला आयुष्यभर दिली, तिला पुन्हा कधी जवळ घेतलं नाही. मी काय केलं? शाळेत नोकरी धरली आणि तीस वर्षं मुलींना स्वच्छतेचे धडे शिकवले. पाणी उकळून प्यावं, विहिरीत औषध टाकावं, खणखणीत आवाजात.

आता ती विहीर बुजवून वर दुकान झालं आहे. भोपाळ राजधानी झालं याचं कोणाला काही वाटत नाही. आमच्या भाच्याचा दुसरा मुलगा तिथेच नोकरीला आहे आणि खुशीत आहे. एवढ्या वर्षांत प्रांत आले, गेले, लोकांनी नवी नावं सहज तोंडात बसवून घेतली. आमचा तिरस्कार तेवढा टिकला, आणि तो सगळ्यात निर्मळ राहिला आहे माझ्या धाकटीजवळ. पंच्याहत्तरी झाली तिची. तिला स्थळ आलं नाही, शाळा सुटली, सारं आयुष्य तिने माझ्या आधाराने काढलं. अजून टीव्हीवर भोपाळ दिसलं की ती तोंड फिरवते आणि मग माझा हात हातात घेते, मी तिच्यासाठी किती केलं म्हणून. त्या दुपारची गोष्ट मी तिला किती तरी वेळा सांगितली आहे, बिटिया म्हणणाऱ्या त्या माणसासकट, एकही शब्द न गाळता. ती ओठ बरोबर वाचते. म्हणून सांगताना मी तिच्याकडे पाठ करून बसते.