बोटात गेलेली सुई

"वाळू द्या. घाई करू नोका."

रुग्णाच्या हाताला आयोडीन लावलं की ताई हे म्हणायच्या आणि दोन्ही हात मागे बांधून त्या पिवळ्या डागाकडे बघत उभ्या राहायच्या. ओल्या जागेवर सुई घातली तर कातडीवरचे जंतू कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या, बाटलीत जातात आणि रक्तात नसलेलं दुखणं रिपोर्टात दिसतं. हे आम्ही सगळ्याच शिकलो होतो, पण ताईंसारखं निवांत थांबणं कुणाला जमत नसे.

नव्वदीच्या दशकात वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात मी नवी नर्स होते. ताई त्याच वॉर्डातल्या जुन्या नर्स, माझ्याहून बऱ्याच मोठ्या, समुद्रपूरकडच्या शेतकरी घरातल्या. कुणी म्हातारा कुरकुरला, "बाई, किती रक्त काढून राह्यल्या?" की म्हणायच्या, "कपभर बी नाई बाबा. सांजच्याले एक पोयी जास्त खाजो." तो हसेपर्यंत सुई आत गेलेली असे.

हिंगणीचा एक ट्रक ड्रायव्हर तापाने फणफणत आला. अंगात नुसती हाडं. बायको त्याच्या पायाशी बसून होती. डॉक्टरांनी औषध सुरू करण्याआधी ब्लड कल्चर घ्यायला सांगितलं. ताईंनी शीर शोधली, रक्त घेतलं आणि सुई बाहेर काढतानाच त्याला हुडहुडी भरली. हात झटकला गेला. सुई ताईंच्या बोटात गेली.

मी पाहिलं. ताईंनीही पाहिलं. त्यांनी सुई बदलली, रक्त बाटलीत सोडलं, बाटली माझ्याकडे दिली आणि मगच नळाकडे गेल्या. मी मागोमाग गेले. त्या बोट दाबून दाबून धूत होत्या.

"काई नाई होत," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

कल्चरमध्ये जंतू सापडले, कोणतं औषध लागू पडेल तेही कळलं. पण दुसरा रिपोर्टही आला. त्याला एचआयव्ही होता.

त्या काळी या नावाने दवाखान्यातली माणसंही हादरायची, हे तुम्हाला आठवत असेल. त्यावरची औषधं आमच्याकडे पोचली नव्हती. बोलता बोलता त्या खाटेकडे कुणी फिरकेनासं झालं. जेवणाचं ताट लांबून सरकवलं जाऊ लागलं. ताईंचं पहिलं रक्त तपासलं, ते ठीक निघालं. पण काही महिन्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले.

ताईंनी आम्हाला एकच ताकीद दिली. "सुई लागली हे त्याले सांगाचं नाई. त्याच्या बायकोले बी नाई. आधीच अर्धा मेला तो."

घरी त्यांनी आपलं ताट वेगळं केलं. लहान लेक कुशीत शिरायला आली की पाठ फिरवून झोपायच्या. "असं लागत नाई, मले समजते ना," मला म्हणाल्या, "पण पोरीनं गळ्यात हात टाकला की भेव वाटते." त्या इतक्या वाळत चालल्या की लुगड्याच्या निऱ्या दर आठवड्याला वाढत होत्या. जरा कणकण वाटली की त्या माझ्यासमोर कपाळ करायच्या. "पाह्य ना, गरम आहे का?"

औषध सुरू झाल्यावर त्या ड्रायव्हरचं पुन्हा कल्चर घ्यायचं होतं. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहिलो. मी बघत राहिले. ताई ट्रे घेऊन निघाल्या. आयोडीन लावून त्या ते वाळेपर्यंत दोन्ही हात मागे बांधून उभ्या राहिल्या, मग त्यांनी सुई उचलली.

त्याचा ताप उतरला. घरी जाताना त्याची बायको म्हणाली, "ताई, तुमी इतक्या वायल्या काऊन?"

"उन्हाया आहे ना," ताई म्हणाल्या.

दिवाळीनंतर ताईंचा शेवटचा रिपोर्ट आला. स्वच्छ. वॉर्डात पेढे वाटले गेले. ताईंनी मात्र मला एसटीत बसवलं आणि आम्ही हिंगणीला गेलो. तो कसा आहे, एवढंच त्यांना बघायचं होतं.

दारात त्याची बायको होती. कपाळ मोकळं. त्याला जाऊन थोडेच दिवस झाले होते. गावातलं कुणी तिच्याकडे पाणी पीत नव्हतं. ताईंनी तिच्या हातचं पाणी मागून घेतलं.

मग ती म्हणाली, "ताई, माह्यं बी रक्त पाहाचं होतं. डॉक्टरनं तवाच सांगितलं होतं. मले भेवच वाटते. तुमाले नाई समजणार."

ताईंच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. इतके महिने त्या रडल्या नव्हत्या. त्या अंगणात, तिचे दोन्ही हात धरून, त्या मोठ्याने रडल्या. ती बाई गोंधळून त्यांचीच पाठ थोपटू लागली.

तिचा रिपोर्ट वाईट आला. ती काही वर्षं जगली. औषधं पोचायला लागली तेव्हा उशीर झाला होता. ताई सुटीच्या दिवशी हिंगणीला जात राहिल्या. आता त्याही नाहीत, हृदयविकाराने गेल्या.

मला त्या दिसतात ते हिंगणीच्या त्या पहिल्या दिवसाच्या परतीच्या एसटीत; त्याची बायको रक्त तपासून घ्यायला आमच्याबरोबर निघाली होती. बाई खिडकीशी, ताई शेजारी. वर्धा जवळ आलं तशी बाईने विचारलं, "लय दुखते का?"

ताईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "दुखते," त्या म्हणाल्या. "मी हात धरून राहीन."