गुन्हा कबूल करायची घाई

आमच्या चिखलीच्या घरात पुढची खोली ह्यांच्या वकिलीची आणि मागची माझ्या देवांची. मधे नुसता पडदा. मी इकडे वाती वळत बसलेली असते आणि तिकडे कोणीतरी कुणाचं डोकं फुटल्याची हकीकत सांगत असतं. माझे उपास पुष्कळ, पण उपास तोंडाला असतो, कानांना नाही! असे किस्से साठत गेले. नावं बदलून सांगते, ह्यांची तेवढी एक अट आहे.

आमच्या भागात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, मारामारी झाली की तक्रार देणारा एकाचं नाव कधी सांगत नाही. समोरच्या घरातले सगळे लिहून देतो. मारणारा एक, आरोपी अख्खं घर.

अशाच एका केसमध्ये सुलतानपूरच्या एका आजीबाईंचं नाव आलं. काठी टेकत चालणारी बाई, ती कुणाला काय मारणार? पण जजसाहेबांनी गुन्हा वाचून दाखवला, कबूल आहे का म्हणून विचारलं, आणि आजीनं चटकन मान डोलावली. हे घाईनं उठून उभे राहिले! साहेब मोठे शांत. त्यांनी विचारलं, आजी, तुम्ही खरंच मारलं का?

"म्या कायले मारू?"

"मग कबूल का म्हणता?"

"नाही म्हटलं तं पुन्हा तारीख पडते. घरी गाय हंबरत असन."

•

दुसरे एक गृहस्थ गणपतीचे मोठे भक्त. त्यांची तारीख नेमकी संकष्टीला आली. उपासाच्या दिवशी खोटं बोलायचं नाही, म्हणून तारीख बदलून घ्या, असा त्यांचा हट्ट. हे त्यांना समजावत होते, की नाकबूल म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नाही. सरकारनं आरोप केला आहे तर सरकारनंच तो सिद्ध करावा, एवढाच त्याचा अर्थ. तो तुमचा हक्कच आहे.

गृहस्थांना काही पटेना. शेवटी त्यांनी पडद्याकडे तोंड करून मलाच विचारलं, "वैनी, हे देवाले चालते का?"

मी क्षणभर विचार केला आणि आतून सांगितलं, "चालतं."

लगेच पटलं! तेव्हापासून ह्यांचे दोन-तीन पक्षकार आधी माझ्याकडे येतात, मग ह्यांच्याकडे.

•

मंदाताई मात्र माझ्याकडे आधीपासूनच यायच्या, मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या हळदीकुंकवाला. जवळच्याच खेड्यातल्या. नवरा नामदेव, एसटीत ड्रायव्हर. दीर सुनील, पोलीस भरतीची तयारी करणारा, पहाटे पळणारा, डोकं जरा गरम. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सुनीलचं चुलत काकांशी भांडण झालं आणि त्यानं फावड्याचा दांडा घातला. काकांचा हात मोडला. तक्रारीत रिवाजाप्रमाणे दोघा भावांची नावं गेली.

नामदेवभाऊ आमच्याकडे आले ते ठरवूनच. सगळं मीच केलं असं सांगतो, सुनील सुटला पाहिजे. त्याच्यावर डाग लागला तर भरती कायमची गेली.

ह्यांनी त्यांना समोर बसवलं. म्हणाले, कबूल केलंत की साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा हक्क जाईल.

"जाऊ द्या."

गप्प राहायचा हक्क जाईल. तुमच्या बाजूचं कुणी बोलवायचा हक्क जाईल.

"जाऊ द्या."

शिक्षा फार वाटली तर तेवढंच अपिलात सांगता येईल. मी मारलंच नाही, हे मात्र पुन्हा कुठे म्हणता येणार नाही.

"जाऊ द्या, साहेब."

"नोकरी जाईल, नामदेवराव."

पडद्याअलीकडे मंदाताई माझ्याबरोबर शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. घरात पगार तेवढा एकच.  बाहेरून अगदी बारीक आवाजात आलं, "जाऊ द्या."

हे चिडले. जे केलं नाही ते कबूल करायचं असेल तर दुसरा वकील बघा, म्हणाले. नामदेवभाऊही शांतपणे म्हणाले, की मग तुम्हाला नाही सांगत, जजसाहेबांनाच सांगतो!

त्या संध्याकाळी मी मंदाताईंना विचारलं, सोमवार धरलेत ना, मग देवाकडे काय मागितलंत?

"काय मागू तेच समजत नाही, वैनी. याले सोडव म्हणलं तं तो अडकते, त्याले सोडव म्हणलं तं हा."

मी म्हटलं, मग काही मागू नका, नुसतं बेल वाहा. त्याला सुचेल काहीतरी. माझा आपला विश्वास!

•

तारखेच्या दिवशी मंदाताईंबरोबर मीही गेले. वकिलाची बायको इतक्या वर्षांची, पण कोर्ट आतून पहिल्यांदाच पाहिलं. 

नामदेवभाऊंना विचारल्याबरोबर त्यांनी हात जोडले. म्हणाले, कबूल हाय, सगळं म्याच केलं, भावाचा काही संबंध नाही. ह्यांनी चिडूनही वकीलपत्र सोडलं नव्हतं, त्यांनी डोळे मिटून घेतले. सुनील शेजारी उभा, मान खाली. मंदाताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. जजसाहेबांनी लेखणी बाजूला ठेवली आणि एकेक गोष्ट विचारायला लागले. कुणाचा दबाव आहे का? यानं काय काय जाईल ते कळतं का? विचार करायला वेळ हवा का? दबाव नाही, सगळं कळतं, वेळ नको, अशी नामदेवभाऊंची उत्तरं तयारच होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं. ते काका! तक्रार देणारे स्वतः. हात अजून वाकडाच. शिपाई बसा बसा करत होता, पण ते सरळ पुढे आले.

"साहेब, मार म्या खाल्ला, कबूल हा काऊन करून राह्यला? यानं तं मले उचलून गाडीत टाकलं, दवाखान्यात नेलं. यालेच आत टाकलं तं पुढच्या भांडणात मले दवाखान्यात कोण नेईन?"